बिनमिठाचं वरण

अकोल्याच्या डॉक्टरांनी त्या दिवशी वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा उमटला नाही, म्हणून ते खूश झाले. वडिलांचं हृदय थकलेलं होतं. अंगात पाणी साठायचं आणि छातीपर्यंत चढलं की श्वास अडायचा. त्यावर उपाय म्हणजे गोळ्या, मोजून दीड लिटर पाणी आणि मीठ जवळजवळ बंद. चार महिने आईने हे सगळं चमच्या-पेल्याने मोजून सांभाळलं होतं. मी ते एका दुपारी घालवलं.

परतताना आमच्याकडच्या मालेगावच्या अलीकडे, चौपदरी रस्त्याला लागून एक नवं फॅमिली रेस्टॉरंट दिसलं. दोन वाजत आले होते.

"घरीच जेवू ना," वडील म्हणाले. "तुई माय वाट पाहून राह्यली असन."

आमचं गाव केनवड तिथून फार लांब नव्हतं. पण रिपोर्ट चांगला आला होता आणि त्या आनंदात मला वडिलांना कुठेतरी बसवून जेवू घालायचं होतं. मी गाडी आत घेतली.

दारात सिमेंटचे दोन हत्ती सोंड वर करून उभे होते. मधलं कारंजं कोरडं होतं आणि त्यात गुटख्याच्या पुड्या पडल्या होत्या. आत झुंबर, भिंतीवर परदेशातल्या कुठल्याशा पुलाचा फोटो आणि लग्नाच्या अल्बमएवढं जाड मेन्यूकार्ड. त्यात चार देशांचं जेवण होतं. वेटर लाल कोटात, खांद्यावर सोनेरी झालर. महिना मे. असला थाट पाहिला की माझी जीभ शिवशिवते. बरीच वर्षं मी याला स्वतःची विनोदबुद्धी समजत आलो आहे.

टेबलावर वेटरला बोलवायची बेल होती. मी ती दाबली. काही वाजलं नाही. पुन्हा दाबली. समोर तीन वेटर भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बघत होते. पंधरा-वीस मिनिटांनी त्यातला एक आला. पन्नाशीचा असेल, केस पांढरे, कोट खांद्यात तंग. पाण्याचा ग्लास ठेवताना अर्धं पाणी वडिलांच्या धोतरावर सांडलं.

"भाऊ," मी म्हणालो, "हा कोट कोन्या बँडचा हाय? वरात पुढं गेली का तुमाले सोडून?"

शेजारच्या टेबलावरची मंडळी मोठ्याने हसली. तोही हसला, जसं हसावं लागतं तसं. वडील धोतरावरच्या ओल्या डागाकडे बघत बसले. मग मान वर करून त्यांनी त्याला विचारलं,

"कोन्या गावचे तुमी?"

"किन्हीराजा, काका."

"रोज येनंजानं करता?"

"हो. मोटारसायकल हाय."

"उन्हाचं सांभाळून येत जा बाप्पा."

मी ऑर्डर सांगितली. स्वतःला पनीरची भाजी आणि रोटी. "बाबांसाठी वरण अन् पोळ्या, पन बिनमिठाच्या. मीठ म्हंजे अजिबात नाही. दवाखान्याचं पथ्य हाय. ध्यानात राहीन ना?"

"राहीन साहेब," तो म्हणाला. लिहून काही घेतलं नाही.

जेवण आलं ते अर्ध्या तासाने. वरण तांब्याच्या छोट्या हंडीत, वर कोथिंबीर. वडिलांनी पोळीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि क्षणभर थांबले. मग जेवू लागले. मी तेव्हा मेन्यूकार्डातल्या पदार्थांची नावं मोठ्याने वाचून दाखवत होतो. मालेगावच्या शिवारात इटलीचं जेवण कोण मागवत असेल, यावर माझं चाललं होतं. वडिलांनी पाण्याचा ग्लास संपवला. दुसरा मागितला. तोही संपवला.

"बाबा, पानी मोजून."

"गर्मी हाय ना."

त्यांच्या वाटीत बोट बुडवून पाहावं, एवढं मला सुचलं नाही. खरं तर सुचायला हवं होतं. ताटातल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आणि तो पाळणारे घरात एकटे वडील. आईच्या हातून एकदा पिठल्यात दोनदा मीठ पडलं होतं. वडील पोटभर जेवून शेतात गेले. नंतर आम्ही भावंडं जेवायला बसलो तेव्हा कळलं.

बडीशेपेबरोबर मॅनेजर स्वतः आला. त्याने गळ्यात टाय घातला होता. "कसं वाटलं जेवण?" असं छापलेलं एक कार्ड आणि पेन त्याने वडिलांपुढे ठेवलं. अशा कार्डांचं काय होतं हे मला माहीत आहे, म्हणून मी उठलो. वडिलांनी मात्र चष्मा लावला आणि त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात, वेळ घेऊन लिहिलं: जेवण चांगले होते. वाढणाऱ्याने नीट वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पाय चपलेत जाईनात. खाटेवर आडवं होता येत नव्हतं. बसल्या बसल्या दोन शब्द बोलायचे आणि तिसऱ्यासाठी थांबायचे. आईने मला एवढंच विचारलं, "काल काय खाऊ घातलं?" मी म्हणालो, वरण. पुन्हा तोच रस्ता धरून अकोला गाठलं. डॉक्टरांनीही तेच विचारलं. मी हॉटेलचं नाव सांगितलं. त्यांनी फक्त नर्सला ऑक्सिजन वाढवायला सांगितलं. हृदयाची जी ताकद गेली ती परत येत नाही, हे त्यांनी संध्याकाळी जिन्यात सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मास्क निघून नाकात नळी आली. कपडे आणायला मी केनवडला निघालो आणि वाटेत त्या हॉटेलसमोर थांबलो. कारंजं त्या दिवशी चालू होतं.

मॅनेजरने माझं ऐकून घेतलं आणि गल्ल्याखालून कार्डांचा गठ्ठा काढला. "सर, तुमच्याच वडिलांनी लिहून दिलं आहे. चांगले होते. नीट वाढले."

ते अक्षर पाहून माझा तोल गेला. माझा बाप दवाखान्यात श्वास मोजतोय आणि तुम्ही मला कागद दाखवता, असं मी ओरडलो. आणखीही पुष्कळ बोललो. मला चांगलं बोलता येतं. जेवणारे वळून पाहू लागले तसं मॅनेजरने पांढऱ्या केसांच्या त्या वेटरला हाक मारली.

"मी आत सांगतलं होतं," तो म्हणाला. "पन वरणाचा मोठा गंज सकाळीच शिजवून ठेवते. मीठ त्यात पह्यलेच पडेल असते. येगळं कोन करून देते?"

"मग मले येऊन सांगाचं होतं!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काय सांगनार साहेब," तो म्हणाला.

मॅनेजरने त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, कोट काढायला लावला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कोटाखाली भोकं पडलेलं बनियन होतं. शर्ट आत खुंटीवर होता, तो आणायला त्याला तसंच टेबलांमधून जावं लागलं. मॅनेजर मला म्हणाला, "झालं ना सर समाधान? चहा घेणार?" मी चहा घेतला नाही. पण गाडीत बसताना मला बरं वाटलं होतं, हे लिहायलाच हवं.

संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा वडील उशांना टेकून बसले होते.

"वरण खारट होतं ना?" मी विचारलं.

"होतं."

"मग बोलले काहून नाही? जिवावर बेतलं ना."

ते थांबून थांबून बोलत होते. "त्या मानसाले तू... एकडाव बोलून चुकला होता. लोकं हासले. खारटाचं सांगतलं असतं त... तू त्याले जित्ता सोडला नसता." मग बराच वेळ नुसता श्वास. "वाटलं, एका जेवनानं काय होते."

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"त्याच रस्त्यानं आला ना तू?" त्यांनी विचारलं. "थांबला त नाही तिथं? त्याले काही बोलला त नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं केलं," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर वडील पाचच दिवस होते. शेवटचे दोन सोडले तर शुद्धीवर होते. आई जेवायला खाली गेली की खोलीत आम्ही दोघंच असायचो, आणि सांगायला भरपूर वेळ होता.