दुसऱ्या माणसाची वाट

शिलाबाईंपुढे मी अनेकदा हात टेकले आहेत. कुरुंद्याजवळच्या तांड्यावर मी नऊ वर्षं मास्तर आहे आणि हट्टी लेकरं ओळखणं हा माझा रोजचा धंदा. पण साठीची ही एकटी बाई माझ्या सगळ्या वर्गाला भारी आहे.

तांड्यावर ख्रिस्ती घरं मुळात चारच. त्यांनी रविवारच्या उपासनेसाठी शाळेमागे पत्र्याची एक खोली बांधली. पुढे दोन घरं कामासाठी पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली. शिलाबाईंचा नवरा थावरा वारला. उरल्या त्या आणि म्हाताऱ्या यशोदाबाई. दोघी उपासना चालवायच्या. एक प्रार्थना म्हणे, दुसरी 'आमेन' म्हणे. गेल्या दिवाळीत यशोदाबाईंना त्यांची लेक नांदेडला घेऊन गेली.

खोली उघडली त्या दिवशी वसमतच्या चर्चचे पाळक म्हणाले होते की दोघं-तिघं जमली की प्रभू त्यांच्यात येऊन बसतो. शिलाबाईंनी त्यातून भलतंच मनात धरलं. एकटीची उपासना देवापर्यंत पोचतच नाही, असं. मग दर रविवारी त्या हळदीचं काम बुडवायच्या, खोली झाडायच्या, सतरंजी अंथरायच्या आणि पायरीवर बसून दुसऱ्या माणसाची वाट बघायच्या. अकरा वाजले की सतरंजी गुंडाळून कुलूप. असे सतरा रविवार गेले. खरं सांगतो, मला बघवत नव्हतं.

"मी बसतो ना शेजारी," एकदा मी म्हणालो.

"तुमी माझ्यासाठी बसाल गुरुजी. त्याच्यासाठी न्हाई."



होळीनंतर त्यांनी घरची प्रार्थनाही सोडली. जेवण निम्म्यावर आलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो येतच न्हाई, तर हाका कोणाला मारू?" आणि एका रविवारी सकाळीच माझ्या दारात उभ्या राहिल्या. "गाडीवर वसमतला न्या मला. खोलीची किल्ली पाळकांना देऊन टाकते. झालं एवढं बस झालं."

जाताना त्यांनी शेवटचं एकदा खोली उघडली आणि थावराचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कापडातून काढलं. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. "त्यानं खूण घातलीय, तितलं एवढं वाचा. मंग निघू."

दारात उभा राहून मी वर्तमानपत्र वाचावं तसं वाचलं. येशूला पकडून नेलं, त्या रात्रीची गोष्ट होती. तो तीन शिष्यांना सोबत घेऊन बागेत जातो, जागे राहा म्हणतो आणि थोडं पुढे जाऊन प्रार्थना करतो. परत येऊन बघतो तर तिघेही झोपलेले.

"थांबा," शिलाबाई म्हणाल्या. "किती जण व्हते म्हणालात?"

"तिघं."

"अन् तिघंबी झोपले?"

"हो."

"म्हंजी प्रार्थना त्यानं एकट्यानंच केली."

मी मान डोलावली. हळदीनं पिवळी झालेली बोटं त्यांनी एकमेकांत घट्ट धरली होती.

"थावरानं हे शंभरदा वाचून दाखवलं असंल," त्या म्हणाल्या. "मीबी झोपलेच व्हते म्हणा." मग माझ्याकडे वळून, "तुमी भाईर बसा गुरुजी."

मी गाडीवर जाऊन बसलो. वसमतला जाणं त्या दिवशी राहिलं ते आजवर राहिलंच. आतून आवाज येऊ लागला. प्रार्थना त्याच म्हणत होत्या आणि मधे थांबून 'आमेन'ही त्याच म्हणत होत्या. गाणं मात्र दुसऱ्या ओळीत तुटलं. मग त्या रडं आवरत बोलल्या. चोरून ऐकायचं नव्हतं, पण पत्र्याची खोली ती.

"लय एकटं वाटून राहिलंय रे बापा. दुसऱ्या कोणाला सांगू? तुला ठाऊक हाय ते कसं असतंय, म्हणून तुला सांगून राहिले."