खांदे बघायला गेले तेव्हा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली.

तेव्हा लंडनजवळ इल्फर्डला घरी बसून मी बायकांच्या कोटांसाठी शोल्डर पॅड शिवायची. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागायचा. भरलेलं स्टेडियम, गवतावर पांढऱ्या रेषा, आणि खांद्यांत मोठमोठे पॅड घातलेले खेळाडू. शिवता शिवता मी मनाने तिथेच जाऊन बसायची.

मग त्यांचे दोन संघ लंडनला खेळायला येणार असं कळलं. ह्यांच्याकडे पैसे मागायला धीर होईना, म्हणून जाऊबाईंकडे मागितले.

"घरात ढीग पडलाय पॅडचा, तो पुरत नाही का गं बघायला?" त्या हसल्या, पण दिले.

एकटीच गेले. वरच्या पायरीवरून खेळाडू मुंग्यांएवढे दिसत होते, पॅड काही दिसले नाहीत. पण सगळे उठले की मी उठायची, ओरडायची, दोन्ही संघांसाठी. एवढा मोठा आवाज माझाच होता, आणि कुणी वळूनही बघितलं नाही.

दोन महिने जास्तीचे पॅड शिवले आणि जाऊबाईंचा शेवटचा पाउंडही परत केला.