तीन बदामांचा अर्थ

मी घुग्घुसच्या खाणीत, माझा ब्रिजचा भिडू एटापल्लीला मास्तर. तो एक बदाम बोलला आणि मी तीन, तर त्याचा अर्थ काय, यावर आमचं वर्षभर पत्रांतून भांडण. मी म्हणे, पत्ते जोरदार, चारवर जाच. तो म्हणे, पत्ते बेताचे, जमलं तर जा. स्पर्धा तोंडावर आली तेव्हा मीच वैतागून लिहिलं, ‘तुझंच खरं.’

स्पर्धेत बेताच्या पत्त्यांवर मी तीन बदाम बोललो. पठ्ठ्या सरळ चारवर! मी पत्ते मांडताच ओरडला, “एवढ्यावर तीन? मी तं तुयंच खेळून राह्यलो बे! माह्यं पत्र नाई भेटलं?”

दोघांची माघार टपालातच अडकली होती.

तरीही चार बदामांना लागणारे दहा हात झाले, आम्ही जिंकलो. मग कोणाच्या अर्थामुळे जिंकलो, यावर नवं भांडण सुरू झालं.