फाइलमध्ये नसलेल्या प्रमिलाताई

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा करायला जाणारा माणूस. प्रोग्रामर आहे. कॉम्प्युटर विचित्र वागला तर कोडमधली चूक शोधायची, एवढंच मला येतं. तरीही हे लिहितोय…

नवीन पनवेलमध्ये आमचा रक्तदात्यांचा छोटा ग्रुप आहे. शिबिरांच्या एक्सेल फाइल्स सांभाळणं माझ्याकडे. त्यासाठी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला होता – तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड वापरून फाइल वाचायची, हवा तो रक्तगट शोधायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ग्रुपमधल्या शुभदाताईंचा फोन आला. "अरे, माझी भाची बाळंत झालीय, रक्तस्राव थांबत नाहीये. बॉम्बे ब्लड ग्रुप आहे तिचा. बघ ना कोणी मिळतंय का!"

हा गट फारच दुर्मीळ, आणि अशा माणसाला त्याच गटाचं रक्त चालतं. ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवली – कोणीच नाही. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे; म्हटलं, तिथेही चालवून बघू. तीच फाइल, तीच स्क्रिप्ट… आणि एक नाव आलं. प्रमिला, उलवे. पुढे मोबाइल नंबर.

लगेच फोन लावला. "तुमचा ब्लड ग्रुप बॉम्बे आहे का? आमच्या शिबिरात नाव दिलं होतंत तुम्ही."

"ग्रुप तोच हाय. पन मी कवा शिबिरात गेलेच नाय! भावाच्या आपरेशनला आता दिवालीत तपासलं तवा समजलं. आनि हा नंबर तर कालच घेतलाय ओ…"

माझ्यासमोरची फाइल आदल्या वर्षीच्या शिबिराची होती.

तरी भाचीचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "कंच्या हास्पिटलात? निंगते मी."

त्या आल्या, रक्त दिलं. भाची वाचली. शुभदाताई कितीतरी वेळ त्यांचा हात सोडत नव्हत्या.

नंतर मी ती फाइल एक्सेलमध्ये उघडली. नाव नाही. लपवलेल्या ओळी, लपवलेल्या शीट्स… काही नाही. लिनक्सवर स्क्रिप्ट पुन्हा चालवली, लायब्ररी बदलून पाहिली. कोणीच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की तारखा सरकतात, मराठी अक्षरांचे चौकोन होतात, हे रोजचंच. पण त्यातून एक जिवंत बाई आणि तिचा चालू नंबर कसा येईल?

प्रमिलाताईंना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. "फोन आला ना? मंग झालं."

माझं मात्र झालेलं नाही. त्यांना विचारून मी त्यांचं नाव फाइलमध्ये भरलं. टाइप करताना हात मध्येच थांबला… हे नाव इथे आज पहिल्यांदाच लिहिलं जातंय का, ते मला अजूनही सांगता येत नाही.