दुधातली चारं

आमच्या गावच्या गायत्याला, म्हणजे गावदेवाच्या पुजाऱ्याला, सगळे ‘थांबआजा’ म्हणत. त्यानं देवाला वाहिल्याशिवाय जंगलातलं नवं फळ कुणी तोंडात घालायचं नाही, आणि त्याला कसलीच घाई नसे. काही विचारा, उत्तर एकच, ‘थांब.’ आम्ही पोरं त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

चारं, म्हणजे ज्यांच्या बियांतून चारोळी निघते ती फळं, चैत्रात हिरवी असत. आजा रोज एक तोडून बी दाताखाली फोडी आणि थुंकून टाकी. "अजून दुधात हाय." मी एकदा फारच हट्ट केला तर म्हणाला, "दूध पेणारं लेकरू मायपासून वढतेत का वो? दाणा भरू दे. अर्धी चारं पाखरं नेतीन, तवा कुठी नवं झाड होईन." वैशाखात फळं काळी पडली की सण व्हायचा. त्या दिवशी आम्हा बौद्धांच्या घरीही तो स्वतः टोपली आणून द्यायचा.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा चंद्रपूरकडचा एक व्यापारी येऊ लागला. हिरवी चारंही तो घेई. शेजारच्या गावांनी फांद्यांसकट झाडं ओरबाडली. थांबलो तर आपल्याला पालाच उरेल, असं आमच्या गावाला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. बैठकीत लोक म्हणाले, "आजा, सण चैत्रातच करून टाक."

"देवाले कच्चं वाहू? मी नाई करत."

"मंग तुहा पुतण्या करन."

पुतण्यानं केला. ढोल वाजले आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी निघाल्या. त्या ढोलांचा मला अजून राग येतो. आजानं अंगणातल्या आपल्या एका झाडाला तेवढा कुणाला हात लावू दिला नाही. पण त्याचंही फळ तो खाईना. त्याच्या लेखी सण झालाच नव्हता. पुढं दरवर्षी तेच. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

शेवटच्या वैशाखात तो खाटेला खिळला. त्याच्याच झाडाची काळीभोर चारं मी ओंजळभर नेली.

"सण झाला का वो?"

"झाला, आजा."

"दाणा भरला होता?"

मला खोटं बोलवेना. त्यानं ओठ मिटले आणि माझा हात बाजूला सारला.

पाऊस लागायच्या आत तो गेला. चितेसाठी पुतण्यानं अंगणातलं तेच झाड तोडलं. लाकडासाठी लांब जायला कुणाला वेळ नव्हता. ओलं लाकूड, ते धुमसतच राहिलं, आणि त्या दिवशी सगळ्या गावाला थांबावं लागलं.