गवत्या माशांचा माणूस

सोलापुरात तळ्यावर माझ्या भाड्याच्या नावा होत्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर तळं भरलं आणि पाणगवत माजलं. ते वल्ह्यांना गुंडाळायचं. कापता कापता माझ्या हातांची सालटी निघायची. मग मत्स्य खात्यातला तो आला, त्यानं गवत्या मासे सोडले आणि बघता बघता त्यांनी पाणी मोकळं केलं.

"लई गुणाचा मानूस," माझी बायकोसुद्धा म्हणू लागली. माझे हात तिनं कधी पाहिले नव्हते.

गवत संपल्यावर माशांची उपासमार नको, म्हणून तो रोज संध्याकाळी सायकलला लसूणघासाची पेंढी बांधून आणायचा. विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा, मेथी निवडावी तशी पिवळी पानं काढून टाकायचा आणि माशांना म्हणायचा, "या मालक, जेवून घ्या." मासे थेट त्याच्या पायाशी. माझा डबा घेऊन आलेली बायको तिथंच रेंगाळायची.

एकदा तो मैंदर्गीला गेला. मीच घास नेला, निवडला, "या मालक" म्हणालो. मासे आले की! अगदी हाताला लागले. मी ऐटीत मागं पाहिलं.

बायको रस्त्याकडं बघत होती. म्हणाली, "त्ये आज आलं न्हाईत व्हय?"