घर नसलेला नकाशा
मेणाच्या खडूंचा वास आला की गोडादऱ्यातली आमची झोपडपट्टी आठवते. मी नववीत होते. आमच्या मराठी शाळेत एका संस्थेच्या ताई आल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकं मिटा, आपापल्या गल्लीचा नकाशा काढून आणा, बघून शिकू या." संध्याकाळी मी ओट्यावर कागद पसरला, तशा साड्यांचे धागे कापत बसलेल्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. "काय काढी राहिनी तू?" आईने विचारले. मी सांगितले. शेजारची मावशी म्हणाली, "ताई कसली, कार्पोरेशनवाली असंल ती. आज नकाशा, उद्या बुलडोझर." नाल्यापलीकडची घरे अशाच मोजणीनंतर पाडली होती. मग जो तो येऊन बजावू लागला, "आमचं घर दाखवू नको हं." मी एकेका घराचे झाड करत गेले. शेवटी आईने आमच्याच घरावर हिरवा खडू फिरवून त्याचे झाड केले. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत शाळेत आली. नकाशात नळ होता, देऊळ होते, बाकी सगळी झाडीच. ताईंनी विचारले, "आणि माणसं कुठे राहतात?" "तिथं कोणीच राहत नाही," आई म्हणाली. ताईंनी कागदाची घडी घालून ती आईच्या हातात दिली. "हा तुमच्याकडेच ठेवा." आईने घडी कमरेला खोचली, तरी घरी येईपर्यंत ती मागे वळून बघत होती. आता मीही नववीला शिकवते. गल्लीचा नकाशा काढायला सांगताना पहिले वाक्य एकच असते : कागद मी ठेवून घेणार नाही.